यादीवर तारीख हवी, आणि बिल कोणी भरलं तेही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतली ‘शहरातली वीस सर्वोत्तम ठिकाणं’ ही यादी मी दोनदा वाचली. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेऊन. तिथे कोण गेलं होतं, किती वेळा गेलं, कोणत्या महिन्यात गेलं आणि बिल कोणी भरलं, या चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर वीस ठिकाणांत एकदाही सापडलं नाही. फोटो सुंदर आहेत. पण आपला पेपर लोक विश्वासाने वाचतात, अशा याद्या कापून फ्रिजवर लावतात, शहरात नव्याने आलेल्या नातेवाइकाला त्यांचा फोटो काढून पाठवतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

माझी नोकरी बदलीची. सव्वीस वर्षांत सहा मोठी शहरं झाली. सामानाची खोकी उघडायच्या आधी मी दर वेळी तीन गोष्टींच्या शोधात बाहेर पडते: ब्रेड कुठून आणायचा, किराणा कुठे भरायचा आणि दमून आलेल्या दिवशी बाहेर जेवायचं तर कुठे. माझ्या मुलाला अक्रोड, बदाम, काजू अशा सगळ्याच सुक्यामेव्याची ॲलर्जी आहे. त्यामुळे चुकीचं ठिकाण निवडलं तर आमच्या घरात ती तोंडाच्या चवीपुरती गोष्ट राहत नाही.

तो अकरा वर्षांचा असताना आम्ही चौथ्या शहरात नुकतेच आलो होतो. मी फोनवर शोधून, साडेचारच्या वर तारे आणि हजाराहून जास्त अभिप्राय असलेलं हॉटेल निवडलं. ऑर्डर घ्यायला आलेल्या मुलाला स्पष्ट विचारलं, ‘यात सुकामेवा कुठल्याही स्वरूपात आहे का? पूड, पेस्ट, काहीही?’ तो तिथल्या तिथे म्हणाला, ‘नाही ताई, बिनधास्त खा.’ आत जाऊन विचारून आला नाही. तिसऱ्या घासाला माझ्या लेकाने ओठांना हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. सॉस दाट व्हावा म्हणून त्यात बदामाची पूड घातलेली होती. ती रात्र आम्ही रुग्णालयात काढली. इंजेक्शन वेळेवर मिळालं म्हणून तो वाचला.

घरी आल्यावर मी त्या हॉटेलाचे अभिप्राय ओळन् ओळ वाचले. सजावट छान, गाणी छान, वाढदिवसाला केक आणून दिला, फोटोंना उजेड चांगला. ते लिहिणारे खोटं बोलत नव्हते. पण स्वयंपाकघरात काय चालतं हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि असणार तरी कसं? गिऱ्हाइकं खुशीत घरी गेली, एवढंच ते तारे सांगत होते. मी त्यांतून भलतंच काही वाचलं होतं.

त्यात हे तारे खरे असतीलच असंही नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी २०११ मध्ये सिएटल शहरातल्या हॉटेलांचा अभ्यास मांडला होता. येल्प या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर एक तारा वाढला की हॉटेलाचं उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. हा परिणाम एकट्यादुकट्या मालकांच्या हॉटेलांवर होता, मोठ्या साखळी कंपन्यांवर नव्हता. म्हणजे ज्याला ताऱ्यांची सगळ्यात जास्त गरज, तोच ते विकत घेण्याच्या मोहात पडणार. २०१७ मध्ये लंडनमध्ये ऊबा बटलर नावाच्या तरुण पत्रकाराने स्वतःच्या अंगणातली शेड हॉटेल म्हणून ट्रिपॲडव्हायझर या तशाच संकेतस्थळावर नोंदवली, ओळखीपाळखीच्या लोकांकडून अभिप्राय लिहून घेतले आणि काही महिन्यांत ते ‘हॉटेल’ अख्ख्या लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं. तिथे तोवर एकही माणूस जेवला नव्हता. अमेरिकेने २०२४ मध्ये खोट्या अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियम केला, यावरून हे प्रकरण किती पसरलं आहे ते कळतं.

मग चांगलं ठिकाण शोधायचं कसं? मला बेकरीपासून सुरुवात करायला आवडतं, कारण बेकरीत माणूस लगेच कळतो.

पाचव्या शहरात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तीन बेकऱ्या बघितल्या. तिसरीत सकाळी साडेसहाला पोचले. शटर अर्धंच वर होतं, आतून भट्टीची ऊब बाहेर येत होती. गल्ल्यावर पन्नाशीचे एक गृहस्थ होते, कोपरापर्यंत पीठ लागलेलं. मी विचारलं, ‘यातला आजचा कुठला?’ त्यांनी काही न बोलता दोन ब्रेड बाजूला सारले. म्हणाले, ‘हे कालचे. भाजून खायचे असतील तर न्या, नुसते खायला नको.’ मग एक ताजा ब्रेड उलटा करून त्याच्या बुडावर बोटांच्या पेरांनी टकटक केलं. पोकळ आवाज आला. आतून नीट भाजलेल्या ब्रेडचा आवाज असाच येतो, कच्चा राहिला असेल तर बद्द वाजतो. मी सुरी मागितली तर नाही म्हणाले. गरम ब्रेड कापला की आतला भाग चिकट होतो, अर्धा तास तरी थांबा, असं त्यांचं म्हणणं.

मग मी मुलाचं सांगितलं. त्यांनी ‘नाही, नाही, आमच्याकडे काही नसतं’ असं म्हटलं नाही. आत गेले, पिठाचं रिकामं पोतं आणि मार्गरिनचं वेष्टन घेऊन आले आणि त्यांवरची बारीक अक्षरं माझ्यासमोर धरली. दोन्हींत काही नव्हतं. पण ते म्हणाले, ‘ताई, मंगळवारी आणि शुक्रवारी अक्रोडाचा केक याच टेबलावर होतो. आम्ही पुसतो, धुतो, पण मी छातीठोक सांगू शकत नाही. दोन गल्ल्या पलीकडे एक बेकरी आहे, तिथे अक्रोड-बदाम येतच नाहीत. मुलासाठी तिथून न्या.’

हातचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवणारा हा माणूस कुठल्याही यादीत नव्हता. त्या शहरात होतो तोवर आम्हा दोघांचा ब्रेड मी त्यांच्याकडून घेतला आणि मुलाचा दोन गल्ल्या पलीकडून.

जाता जाता ब्रेडची आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. ब्रेड शिळा होतो तो नुसता वाळून नाही. भाजताना फुललेला पिठातला स्टार्च गार झाल्यावर पुन्हा घट्ट बांधला जातो, म्हणून ब्रेड कडक होतो. आणि ही क्रिया सगळ्यात जोरात होते ती फ्रिजच्या तापमानाला. फ्रीझरमध्ये ती जवळजवळ थांबते. म्हणून साधा ब्रेड थंड कपाटात मांडून ‘ताजा’ म्हणून विकणारी बेकरी मी पहिल्याच दिवशी सोडून देते.

किराण्याचं वेगळं. पूर्वी दुकानदाराला यादी सांगायची आणि तो माल काढून द्यायचा. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात पिगली विगली नावाचं दुकान निघालं, तिथे गिऱ्हाइकाने टोपली घेऊन आपला माल आपणच उचलायचा होता. पुढे जगभर तीच पद्धत पसरली. तेव्हापासून माल पारखायचं कामही आपल्याच गळ्यात आलं, पण ते आपल्याला कोणी शिकवलं नाही. मी नव्या दुकानात गेले की आधी खपाच्या वस्तूंकडे बघतच नाही. कमी खपणाऱ्या वस्तूंच्या फडताळाशी जाते आणि मागे हात घालून तारखा बघते. आधी आलेला माल आधी पुढे, हा नियम पाळणारं दुकान तिथे लगेच ओळखू येतं. मग बटाटे. दिव्याखाली दिवस दिवस पडून राहिलेल्या बटाट्यावर हिरवट छटा येते, आणि तिच्यासोबत आत सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्यही वाढलेलं असू शकतं. हिरवे बटाटे काढून टाकणारा माणूस त्या दुकानात आहे का, हे मला महत्त्वाचं वाटतं. तेलाच्या बाटल्या उन्हाच्या काचेला लावून ठेवलेल्या दिसल्या की तेल मी दुसरीकडून घेते, उजेडाने ते लवकर खवट होतं. फ्रीझरमध्ये माल भरायच्या मर्यादेची रेघ असते, तिच्या वर पाकिटं रचलेली असली तर वरची पाकिटं पुरेशी गार राहत नाहीत. उणे १८ अंश हे तापमान कागदावर सगळेच पाळतात. पाकीट हातात घेऊन हलवून बघा. वाटाणे सुटे खळखळले तर ठीक. एकच गोळा लागला आणि आत बर्फाचे खडे असले तर तो माल मध्ये कधीतरी वितळून पुन्हा गोठलेला असतो.

हॉटेलांबद्दल थोडक्यात सांगते. ‘इथे चांगलं हॉटेल कुठलं?’ असं विचारलं की लोक पाहुण्याला न्यायचं ठिकाण सांगतात. ‘तुम्ही स्वतः कामाच्या दिवशी कुठे जेवता?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. हा प्रश्न मी औषधांच्या दुकानात, शाळेच्या फाटकाशी, बसथांब्यावर विचारला आहे. तीन वेगवेगळ्या माणसांनी एकच नाव घेतलं की मी जाते, आणि पहिल्यांदा एकटीच जाते, गर्दी नसताना. दारातच जुन्या तेलाचा वास आला तर परत फिरते. लहान स्वयंपाकघर आणि मेनूवर दोनशे पदार्थ असले तर सगळंच ताजं असणं शक्य नाही. मांडून ठेवलेलं जेवण असेल तर ते वाफाळतं आहे का ते बघते. शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली गार ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. आणि सुक्यामेव्याचा प्रश्न विचारल्यावर वाढणारा माणूस ‘थांबा, आत विचारून येतो’ म्हणाला, तर निम्मी परीक्षा तिथेच पास होते.

आता आपल्या पुरवणीकडे येते. हे काम नीट करणारी माणसं वृत्तपत्रांमध्ये होऊन गेली आहेत. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षक रूथ राइशल विग घालून, वेष बदलून जेवायला जात. १९९३ मध्ये त्यांनी ल सर्क या बड्या हॉटेलाबद्दल लिहिलं, तेव्हा अनोळखी बाई म्हणून गेल्यावर काय वागणूक मिळाली आणि ओळखल्या गेल्यावर काय मिळाली, दोन्ही छापलं. ओळख पटल्यावर ताटलीतल्या रास्पबेरीसुद्धा मोठ्या झाल्या होत्या. हॉटेलाचा एक तारा त्यांनी कमी केला. लॉस एंजेलिसचे जोनाथन गोल्ड यांनी तरुणपणी पिको बुलेव्हार्ड या एका लांबलचक रस्त्यावरच्या खानावळी ओळीने पालथ्या घालायचा नेम धरला होता. पुढेही ते कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या छोट्या ठिकाणांवर लिहीत राहिले आणि २००७ मध्ये त्यांना समीक्षेसाठी पुलित्झर हे पत्रकारितेतलं मोठं पारितोषिक मिळालं. हॉटेलांवर लिहिणाऱ्याला ते त्याआधी कधी मिळालं नव्हतं. मिशेलिन ही टायर बनवणारी कंपनी, तरी १९०० पासून प्रवाशांसाठी हॉटेलांची मार्गदर्शिका काढते आणि तिचे निरीक्षक नाव न सांगता जातात व बिल स्वतः भरतात.

आपल्याकडे तेवढा पैसा किंवा माणसं नसतील, हे मी समजू शकते. वीस ठिकाणं नकोत, चार चालतील. पण चारही ठिकाणी आपला माणूस दोनदा गेलेला असावा, एकदा गर्दीत आणि एकदा आडवारी, आणि बिल पेपरने भरलेलं असावं. भेटीचा महिना छापा. आचारी बदलला, मालक बदलला की वर्षभरात तेच हॉटेल वेगळं होतं. जुनी यादी वर्षाने पुन्हा तपासून, जे उतरलं ते उतरलं म्हणून लिहा. जाहिरातदार असेल तर तसं लिहा. एकेक भाग घेऊन तिथल्या बेकऱ्या आणि किराण्याची दुकानं यांनाही जागा द्या, कारण हॉटेलात माणूस महिन्यातून दोनदा जातो आणि किराणा रोज लागतो. आणि प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारा: ॲलर्जीबद्दल विचारल्यावर आत जाऊन खात्री करतात का? उत्तर एका ओळीत छापलं तरी पुरे. ती ओळ माझ्यासारख्या आया सगळ्यात आधी वाचतील.

माझ्याकडे सहा शहरांच्या सहा वह्या आहेत. दर नोंदीपुढे तारीख आहे, किती वेळा गेले ते आहे, आणि काट मारली असेल तर का मारली तेही. मुलगा आता एकवीस वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात तो शिक्षणासाठी पाचव्या शहरात राहायला गेला, तेव्हा ती वही सोबत घेऊन गेला. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याचा फोन आला. दोन गल्ल्या पलीकडची बेकरी अजून आहे, पण मालक बदलले आहेत आणि काचेच्या कपाटात आता अक्रोडाची बिस्किटं आहेत. त्याने विचारून खात्री करून घेतली आणि नोंदीवर काट मारून पुढे तारीख घातली.

कळावे,
आपल्या पेपरची जुनी वाचक