मुलाचा ताबा एका रिपोर्टवर ठरवू नका

मा. मंत्री, विधी व न्याय विभाग,
मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

व्यसनमुक्तीसाठी दाखल झालेल्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम. त्यातल्या बऱ्याच घरांचा एक पाय कौटुंबिक न्यायालयात असतो. नवरा दारू पितो किंवा एमडी (मेफेड्रोन ही नशेची पावडर) घेतो, बायको माहेरी, आणि मूल कुणाकडे राहणार यावर तारखांमागून तारखा पडत असतात.

कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा १९५६ पासून सांगतोय की मुलाचं हित सर्वांत वर. पण ते हित ठरवताना पुष्कळदा सगळं एका कागदावर येऊन ठेपतं, लघवीच्या तपासणीच्या रिपोर्टवर. एमडी किंवा ब्राउन शुगर लघवीत जेमतेम दोन-चार दिवस दिसते. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत मात्र सोडल्यावरही काही आठवडे अंश सापडतो. म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत पावडर घेणारा बाप ‘निगेटिव्ह’ ठरू शकतो आणि तीन आठवड्यांपूर्वी मनापासून गांजा सोडलेला ‘पॉझिटिव्ह’. मूल कुणाच्या घरात सुरक्षित राहील, हे असल्या कागदावरून कसं कळणार? ते कळतं महिनोन् महिन्यांच्या फॉलोअपमधून, आणि मुलांकडून.

भेटीच्या खोलीत मी एक सात-आठ वर्षांची मुलगी पाहिली आहे. बाप आल्यावर ती धावत गेली, पण गळ्यात पडण्याआधी तिनं त्याच्या तोंडापाशी नाक नेऊन वास घेतला. मगच मिठी मारली. दाराची कडी कशी वाजते, चपला कशा पडतात, यावरून आजची रात्र कशी जाणार हे या मुलांना कळतं. त्यांच्याशी निवांत बोलायला मात्र कुणालाच वेळ नाही. समुपदेशकांसमोर फाइलींचा ढीग असतो आणि न्यायाधीशांची बदली झाली की नव्यांना सगळं पहिल्यापासून वाचावं लागतं.

लंडनमध्ये २००८ साली न्यायाधीश निकोलस क्रायटन यांनी खास व्यसनात अडकलेल्या पालकांसाठी न्यायालय सुरू केलं. तिथली प्रकरणं वेगळी, मूल सरकारी यंत्रणेनं काढून घ्यायचं की नाही याची. पण पद्धत घेण्यासारखी आहे. एकच न्यायाधीश दर पंधरा दिवसांनी वकिलांशिवाय पालकांशी बोलतात, आणि उपचार व समाजकार्यातली माणसं न्यायालयाला जोडलेली असतात. पालकाला संधी मिळते, पण मोजक्या मुदतीत, कारण मुलाचं बालपण थांबून राहत नाही.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या १२ व्या कलमानुसार न्यायालय वैद्यकीय व समाजकल्याण तज्ज्ञांची मदत घेऊ शकतं. समुपदेशक किती असावेत, हे ६ व्या कलमानुसार उच्च न्यायालयाशी सल्लामसलत करून राज्य सरकारच ठरवतं. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. प्रत्येक कौटुंबिक न्यायालयात व्यसनाचं काम जाणणारा निदान एक समुपदेशक नेमा आणि प्रकरण संपेपर्यंत तोच ठेवा. भेटी टप्प्याटप्प्यानं वाढवता येतात. उपचार टिकले तर वेळ वाढावा. स्लिप झाली, म्हणजे मधेच पुन्हा नशा केली, तर परत कुणाच्या तरी देखरेखीखाली भेट व्हावी, पण मुलाची आणि बापाची गाठच तोडू नये. मारहाण झालेल्या घरांत मात्र दारू सुटली एवढ्यावर कुणी विसंबू नये. हात उगारायची सवय बाटलीबरोबर जातेच असं नाही.

आयांचा प्रश्न याहून बिकट. आई ‘पिते’ एवढं कोर्टात उच्चारलं गेलं की ती अर्धी हरलेलीच असते. उपचाराला दाखल झाल्याचा कागद उद्या समोरचा वकील दाखवेल, या धास्तीनं कित्येक बायका केंद्राची पायरीच चढत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक विकारही येतात. उपचार घेणाऱ्या आईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करू नये, असं तो सांगतो. पण तान्ह्या मुलाला घेऊन राहता येईल अशी खाट किती केंद्रांत आहे?

उपचाराला येणं हाच आईविरुद्धचा पुरावा ठरू नये, यासाठी मार्गदर्शक सूचना निघाव्यात म्हणून आपण उच्च न्यायालयाशी बोलावं. आणि राज्यातल्या कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशकांच्या किती जागा मंजूर आहेत, त्यांतल्या किती रिकाम्या आहेत, याचा जिल्हावार तक्ता येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावा.

आपली,
व्यसनमुक्ती क्षेत्रातली एक समुपदेशक, पुणे