अकरा महिन्यांच्या करारात संशोधन कसे होणार?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नवे शैक्षणिक वर्ष जवळ आले की पुण्यातील व्यवस्थापन महाविद्यालयांच्या प्राध्यापकभरतीच्या जाहिराती वृत्तपत्रांत झळकू लागतात. त्यांतील बहुतेकांत ‘एचआर / ओबी : १ जागा’ (म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापन / संघटनांतील वर्तन) एवढाच उल्लेख असतो, नेमणूक ‘निव्वळ तात्पुरत्या स्वरूपाची’ असते आणि मूळ प्रमाणपत्रे घेऊन थेट मुलाखतीस हजर राहायचे असते. उमेदवाराने कशावर संशोधन केले आहे व पुढे काय करण्याचा विचार आहे, हे विचारणारी ओळ क्वचितच दिसते. संघटनांचा अभ्यास हा विषय दीर्घकाळ शिकवलेली आणि निवड समित्यांवर बाहेरची तज्ज्ञ म्हणून बसलेली एक निवृत्त प्राध्यापिका या नात्याने याविषयी लिहावेसे वाटले.

संघटनांचा अभ्यास, म्हणजे ज्याला ऑर्गनायझेशन स्टडीज म्हणतात तो विषय, मूलतः माणसे एकत्र येऊन काम कसे करतात याचा शोध घेतो आणि तो शोध सावकाशच घ्यावा लागतो. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी स्वयंचलित मागांच्या विभागात एक प्रयोग सुरू केला. प्रत्येक कामगाराला तुटक काम वाटून देण्याऐवजी छोट्या गटाकडे ठरावीक मागांची सगळी जबाबदारी सोपवली, आणि काम सुधारले. पण या प्रयोगाचे खरे मोल कळले ते त्याच संस्थेच्या एरिक मिलर यांनी १९७० पर्यंतच्या वाटचालीचा पाठपुरावा केल्यामुळे. गटपद्धती कुठे टिकली, कुठे विरली आणि का, हे एवढा काळ लोटल्याशिवाय कळलेच नसते. पुण्यात तर असा ऐवज पावलोपावली आहे. १९८९ मध्ये शनिवारवाड्यावर उपोषणाला बसलेले टेल्कोचे (आताच्या टाटा मोटर्सचे) कामगार, कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था, हिंजवडीतील आयटी कंपन्या, चाकण-भोसरीचे कारखाने. यांवर वर्षानुवर्षे काम करणारे प्राध्यापक आपल्या व्यवस्थापन महाविद्यालयांत किती असतील?

अशाच एका निवड समितीसमोर आलेल्या उमेदवाराने वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातील आपल्या नोंदी आणल्या होत्या. कायम कामगार आणि ठेकेदाराचे कामगार एकाच लाइनवर कसे काम करतात, पाळी बदलताना कोण कोणाला काय सांगून जातो, कोणती गोष्ट मुद्दाम सांगितली जात नाही, हे त्याने बारकाईने टिपले होते. लाइनचा हाताने काढलेला आराखडाही प्रबंधाला जोडला होता. मी त्या आराखड्याबद्दल विचारू लागले, तोच संस्थेच्या प्रतिनिधींनी आठवड्याला किती तास घ्याल, प्रवेशाच्या दिवसांत रविवारी येता येईल का आणि नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांच्या दर्जाचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, फायलींचा अनुभव आहे का, हे प्रश्न सुरू केले. हे विचारण्यात गैर काही नाही. पण मुलाखत तेवढ्यावरच आटोपली, याचे मला आजही वाईट वाटते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार परिविक्षेचा (प्रोबेशनचा) काळ एक वर्षाचा असून तो फार तर आणखी एक वर्ष वाढवता येतो. एवढ्या अवधीत फार तर शिकवण्याची हातोटी कळते, संशोधनाची कुवत नव्हे. दुसरीकडे, अनेक खासगी संस्थांत अकरा महिन्यांचा करार वर्षामागून वर्षे नव्याने होत राहतो. पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही याची खात्री नसलेला माणूस कारखान्याच्या व्यवस्थापनाकडे दोन वर्षांची परवानगी कोणत्या तोंडाने मागणार? आणि कामगार तरी त्याच्यापुढे मन कसे मोकळे करणार?

परदेशातील अनेक विद्यापीठांत यासाठी ‘टेन्युअर ट्रॅक’ पद्धत आहे. नव्या सहायक प्राध्यापकाला साधारण सहा वर्षे मिळतात, त्यानंतर त्याच्या कामाविषयी बाहेरच्या अभ्यासकांची मते मागवून त्याला कायम करायचे की नाही ते ठरते. या पद्धतीतही दोष आहेत. प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांची नुसती मोजदाद होण्याचा धोका आहे, आणि ऐन उमेदीची सहा वर्षे देऊन नकार मिळालेल्या माणसाचे हाल होतात. म्हणून ती जशीच्या तशी उचलावी, असे माझे म्हणणे नाही. परंतु कोणत्या निकषांवर, कधी आणि कोणाकडून पारख होणार हे पहिल्याच दिवशी लेखी सांगण्याचा तिचा दंडक आपण अवश्य घ्यावा.

अनुदानित महाविद्यालयांना सरकारी नियमांची चौकट आहे. मात्र पुण्यातील मोठ्या खासगी विद्यापीठांना आणि स्वायत्त संस्थांना एक-दोन जागांपासून सुरुवात करता येईल. उमेदवाराने आपल्या संशोधनावर तासभर व्याख्यान द्यावे, ते विद्यार्थ्यांनाही ऐकू द्यावे आणि समितीत त्या विषयाचे किमान दोन बाहेरचे जाणकार असावेत. सहायक प्राध्यापकाला नियमाने आठवड्याला १६ तासांचे प्रत्यक्ष अध्यापन असते; पहिल्या दोन वर्षांत त्यात सवलत द्यावी आणि प्रवेशाच्या जाहिरातबाजीतून त्याला पूर्ण मोकळे ठेवावे. तिसऱ्या वर्षी त्याला स्पष्ट शब्दांत लेखी अभिप्राय द्यावा, म्हणजे सहाव्या वर्षीचा निर्णय अचानक अंगावर येणार नाही. मराठीत केलेले लेखनही मूल्यमापनात धरावे. ज्या कामगारांचा अभ्यास झाला, त्यांना ते वाचता आले पाहिजे.

याला पैसा लागेल, हे खरे आहे. परंतु एमबीएच्या दोन वर्षांसाठी लाखांनी शुल्क घेणाऱ्या संस्थांनी ही अडचण सांगावी, हे मला पटत नाही. येत्या भरतीच्या जाहिरातीत निदान एका तरी संस्थेने कायम करण्याचे निकष व मुदत छापावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
कोथरूड, पुणे