तुझ्या पहिल्या अल्बमच्या श्रेयपानाविषयी

शिरोडा, ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग

चि. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, तू पाठवलेली सगळी गाणी आणि त्यांच्यासोबतचा श्रेयनामावलीचा कच्चा मसुदा आम्हांला मिळाला. फोनवर मी नुसते 'छान झाली आहेत' एवढेच म्हटले, कारण जे सांगायचे आहे ते घाईघाईत सांगण्यासारखे नाही, आणि एकदा प्रसिद्ध झालेल्या अल्बमवरची नावे पुढे वर्षानुवर्षे तशीच राहतात. म्हणून सवडीने लिहिते आहे.

आधी गाण्यांविषयी. जात्यावरच्या ओव्यांचे गाणे मला सर्वांत आवडले, आणि ते आजीच्या आठवणीमुळे आवडले असे समजू नकोस. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड, मोकळा असतो. गिटारच्या साथीत बसवताना बहुतेक जण त्या चौथ्या चरणाला ओढूनताणून इतरांएवढा लांब करतात. तू तसे केले नाहीस. तीन चरण गिटार वाजत राहते, चौथा चरण येताच तू तारा तळहाताने दाबून बंद करतेस, मग केवळ आवाज उरतो आणि त्याच्या मागून मृदंगाच्या धुमेचा, म्हणजे त्याच्या खर्जाच्या डाव्या तोंडाचा, एकच खोल ठोका येतो. जाते ओढणारी बाई त्याच जागी दम घेते. हे तुला कोणी शिकवले नाही, तू ते ऐकून ओळखलेस, याचे मला फार समाधान वाटते.

त्या मृदंगासाठी तो वाजवणाऱ्या काकांनी घेतलेले कष्टही मी जवळून पाहिले आहेत. पावसाळी हवेत चामडे सैल पडलेले, आवाज बसलेला. तुझे मायक्रोफोन लावून झालेले आणि काका मात्र शांतपणे हातोडीने वाद्यांखालचा एकेक लाकडी गठ्ठा खाली ठोकत, उजव्या तोंडावरच्या काळ्या शाईवर बोट मारून तुझ्या गिटारच्या सुराशी पडताळून पाहत होते. मग त्यांनी कणकेचा गोळा पाण्याचा हात लावून मऊ केला, धुमेवर थापला, दोनदा काढला आणि पुन्हा थोडा कमी करून लावला, तेव्हा कुठे त्यांच्या मनासारखा आवाज आला. एवढ्या मेहनतीने मिळवलेला तो आवाज शेवटच्या गाण्यात मात्र ड्रमसेटच्या मोठ्या ढोलाखाली झाकला गेला आहे. दोघांचाही नाद खर्जाचा, त्यामुळे एकाच जागेसाठी दोघे भांडतात. शक्य असल्यास तिथे ढोल थोडा मागे घे. सगळेच मोठ्याने वाजवून काही हाती लागत नाही. गाणे अतिशय मोठ्या पातळीवर मास्टर केले तरी ऐकवणाऱ्या सेवा आपापल्या ठरावीक पातळीवर ते आणून ठेवतात, असे तूच मागे समजावून सांगितले होतेस.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मसुद्यात ओव्यांच्या गाण्यापुढे तू 'शब्द व चाल : पारंपरिक' एवढेच लिहिले आहेस. कायद्याच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. या ओव्यांवर कोणाची मालकी नाही, त्या गाण्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. तरीही मला ते अपुरे वाटते.

तू ज्या प्रकारांवर वाढलीस ते आठवून पाहा. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' येते. आपल्या कोकणातल्या जाखडी नाचात शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात, तेव्हा गाण्याच्या शेवटी शाहीर आपले आणि आपल्या गुरूचे नाव गुंफल्याशिवाय राहत नाही. म्हणजे आपल्या परंपरेत गाण्यावर नाव घालण्याची रीत जुनीच आहे, पण ती चव्हाट्यावर आणि देवळात गाणाऱ्यांसाठी होती. पहाटे अंधारात जात्यावर बसलेल्या बाईने आपल्या ओवीत भावाचे नाव घातले, लेकाचे घातले, विठ्ठलाचे घातले; स्वतःचे घातले नाही. जनाबाईने 'दासी जनी' म्हणून आपली मुद्रा उमटवली, पण तशी बाई विरळाच. त्यामुळे जे निनावी राहिले ते निर्माते नव्हते म्हणून राहिले, असा अर्थ कोणी काढला तर तो अन्याय होईल.

हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून, आपल्या सहकाऱ्यांसह, जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. तो संग्रह आता 'पारी' (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर सर्वांना ऐकता-वाचता येतो. त्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ओवीच्या खाली ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव दिलेले असते. ओवी तिने रचली असा दावा त्यात नाही. ती तिने जपली आणि या रूपात गायली, एवढी नोंद आहे. तुझ्या अल्बममध्येही तेवढीच नोंद हवी.

शिवाय जपणारी बाई नुसती जपत नाही. तुझ्या गाण्यातल्या तिसऱ्या ओवीत मिठागर येते, ते आजीने घातलेले आहे. तिच्या माहेरी त्या चरणात भाताचे शेत होते. शिरोड्यात लग्न होऊन आल्यावर दारासमोर जे दिसले ते तिने ओवीत आणले, आणि यमक न मोडता आणले. ती शाळेत गेली नव्हती, पण हे काम कवीचेच आहे. 'पारंपरिक' या एका शब्दाखाली तिचे मिठागर दडून जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

ज्यांच्याकडून तू ओव्या घेतल्यास त्या खालच्या वाडीतल्या काकींकडे मी परवा जाऊन आले. तुझ्या अल्बमवर नाव घातले तर चालेल का, असे विचारल्यावर आधी त्या लाजल्या आणि 'माका कित्या व्हया नाव' म्हणाल्या. मग चहा होईपर्यंत विचार करून त्यांनीच विषय काढला, आणि नाव घालणारच असाल तर माहेरचे घाला, असे सांगितले. लग्नात त्यांचे नाव बदलले होते. ओव्या मात्र त्यांनी लग्नाआधी, आपल्या आईच्या मांडीला मांडी लावून बसून पाठ केल्या. तेव्हा ओव्या जिथल्या, नावही तिथलेच असावे, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले. ते नाव आणि गाव सोबतच्या वेगळ्या कागदावर काकींनी उच्चारले तसे लिहून पाठवते आहे. रोमन लिपीतले स्पेलिंग तू त्यावरून ठरव, आणि पक्के करण्याआधी त्यांच्या नातवाला दाखव.

काकांच्या बाबतीत मात्र नुसत्या नावावर थांबू नकोस. त्यांना तू त्या दिवसाचे मानधन दिलेस, ते योग्यच झाले. पण वादक हाही कायद्याने कलाकार आहे, त्याच्या सादरीकरणावर त्याचा 50 वर्षांपर्यंत हक्क असतो आणि त्याचा व्यावसायिक वापर झाल्यास त्याला रॉयल्टीही मागता येते. त्यांचा वाटा किती, हे एका साध्या मराठी कागदावर लिहून दोघांच्या सह्या होऊ देत. स्ट्रीमिंगमधून येणारी रक्कम तुटपुंजी असते हे मला ठाऊक आहे. स्पॉटिफायवर तर 2024 पासून वर्षभरात 1000 वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. पण रक्कम लहान आहे म्हणून कागद करायचा नाही, हे बरोबर नव्हे.

जे तुझे आहे त्याविषयीही तितक्याच काटेकोरपणे वाग. तू रचलेले शब्द, तू बांधलेल्या चाली आणि हे ध्वनिमुद्रण हे तीन वेगवेगळे हक्क आहेत, आणि ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार व जबाबदारी तूच घेतलीस, खर्चही तुझाच, म्हणजे निर्माती तू आहेस. मागे ज्या कंपनीने तुझ्यापुढे करारपत्र ठेवले होते, त्यात तिन्ही हक्क कायमचे, साऱ्या जगासाठी आणि पुढे निघतील त्या सर्व माध्यमांसाठी एकाच परिच्छेदात मागितले होते. तू सही केली नाहीस, म्हणून अल्बम लांबला, आणि नातेवाईक मला लग्नकार्यात 'कधी येणार, कधी येणार' असे विचारत राहिले. मी त्यांना प्रत्येक वेळी सांगितले की तो योग्य अटींवर तयार होईल तेव्हाच येईल. माझे आजही तेच मत आहे.

पुढे कोणाशी करार करशील तेव्हा दोन गोष्टी स्वतः वाचून पाहा. हस्तांतर किती वर्षांसाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. लिहिलेले नसेल तर कायदा ते पाच वर्षांसाठी आणि भारतापुरते धरतो, पण त्या भरवशावर राहू नये. आणि गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज कोणाच्या नावावर करून देता येत नाही, तेव्हा तसे कलम दिसले तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी कॉपीराइट सोसायटी आयपीआरएस, तिचे सभासदत्व अजून घेतले नसशील तर अल्बम येण्याआधी अर्ज कर.

गाण्यांच्या शब्दांची पुस्तिका छापायला देण्यापूर्वी माझ्याकडे पाठव. प्रमाण मराठीतले ऱ्हस्व-दीर्घ मी तपासून देईन. मालवणी ओळींना मात्र कोणालाही हात लावू देऊ नकोस. मुद्रितशोधक 'खय' आणि 'कित्या' सुधारायला निघेल, त्याला तसे आधीच सांगून ठेव. वितरकाकडे नावे एकदा गेली की ती बदलून घ्यायला वेळ लागतो, आणि शुक्रवारी प्रसिद्ध करायचे ठरवले आहेस म्हणजे सारी माहिती काही आठवडे आधी द्यावी लागेल. दुरुस्त केलेले श्रेयपान या आठवड्यात पाठवलेस तर मी ते काकींना आणि काकांना वाचून दाखवते आणि त्यांचा होकार घेऊन तुला कळवते.

बाबांचे आशीर्वाद. त्यांना बोटीवरचे गाणे अधिक आवडले आहे, आणि त्यावर ते तुला स्वतंत्रपणे लिहिणार आहेत.

तुझी,
आई