आम्हाला पास नकोत, दारातली दहा मिनिटं द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शहराच्या मध्यवस्तीत काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांना पालिकेनं सवलतीत पार्किंग द्यावं, अशा मागणीच्या निवेदनावर मी सही केली होती. ती सही मी मागे घेतली आहे. निवेदनातल्या काही मंडळींना त्याचं वाईट वाटलं आणि त्यांनी ते मला तोंडावर सांगितलं. वर्षानुवर्षं बिनपगारी राबणारी ही माणसं आहेत. त्यांना नीट उत्तर देणं मला भाग आहे, आणि हा प्रश्न आमच्यापुरता नाही, म्हणून ते आपल्या वृत्तपत्रातून देत आहे.

मी एका रुग्णसाहित्य केंद्राची खजिनदार आहे. व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, दोन भागांत सुटा होणारा लोखंडी पलंग, सतत पडून राहिल्यानं पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून एअर बेड, अशा वस्तू आम्ही अनामत घेऊन वापरायला देतो आणि गरज संपली की परत घेतो. आमच्याकडे येणारा माणूस निवांतपणे कधीच येत नाही. दुपारी डॉक्टर सांगतात, ‘उद्या घरी न्या’, आणि संध्याकाळच्या आत घरात पलंग लागलेला हवा असतो. त्याला आमच्या दारात गाडी उभी करायची असते ती फार तर दहा मिनिटं. पावती होते, एकजण पलंगाचा डोक्याकडचा भाग धरतो, दुसरा पायाकडचा, दोरी बांधली की गाडी निघते.

काही वर्षांपूर्वी आम्हाला पालिकेकडून पार्किंगचे चार मोफत पास मिळाले होते. आभाराचं पत्र मीच लिहिलं. पास कार्यकारिणीतल्या चौघांना दिले, त्यांतला एक माझ्याकडे आला. आम्ही चौघं दहाच्या सुमारास यायचो, दारासमोरच्या चार जागा धरायचो आणि सहाला निघायचो. पैसे द्यायचे नसल्यामुळे गाडी हलवायचं कारणच नव्हतं. एके दिवशी एक गृहस्थ वडिलांसाठी कमोड खुर्ची न्यायला आले. खुब्याचं ऑपरेशन झालेले वडील मागच्या सीटवर आडवे होते. त्यांनी तीन फेऱ्या मारल्या, मग दुसऱ्या गाडीच्या शेजारी क्षणभर थांबले, तर पोलिसानं हटवलं. शेवटी बऱ्याच लांब गाडी लावून, वडिलांना तिथंच एकटं सोडून, ते चालत आले आणि खुर्ची खांद्यावर टाकून परत गेले. मी खिडकीतून पाहत होते. दाराच्या अगदी समोर माझी गाडी होती.

त्या आठवड्यात मी पास परत केला. बाकीच्यांनी केले नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. हातात आलेली सवलत सोडून द्या, असं माणसाला सांगता येत नाही. पालिकेनं ती मुळात कशी द्यावी, हे मात्र सांगता येतं.

ही अडचण फार जुनी आहे. जगातलं पहिलं पार्किंग मीटर, म्हणजे गाडी उभी ठेवण्याच्या वेळेनुसार पैसे घेणारं यंत्र, 16 जुलै 1935 रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बसलं. ते कार्ल मॅगी यांच्या पुढाकारानं, आणि योगायोग असा की ते आपल्यासारखेच वृत्तपत्राचे संपादक होते. शहराच्या मध्यभागी नोकरीला येणारे लोक सकाळी रस्त्याच्या कडेला गाडी लावून संध्याकाळपर्यंत ती हलवत नसत, त्यामुळे थोड्या वेळासाठी येणाऱ्या गिऱ्हाइकाला जागाच मिळत नसे. मीटरचा पहिला उद्देश जागा फिरती ठेवणं हा होता. आमच्या चार पासांनी त्या फिरत्या जागा पुन्हा अडवल्या.

कॅलिफोर्निया विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ डोनाल्ड शूप यांनी सारं आयुष्य या एका विषयाला दिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: रस्त्याच्या कडेच्या जागेचा दर असा असावा की साधारण 85 टक्के जागा भरलेल्या राहतील आणि प्रत्येक गल्लीत एखाददुसरी कायम रिकामी मिळेल. ती एक रिकामी जागा आमच्या केंद्राला चार फुकट पासांपेक्षा मोलाची आहे. ज्याच्या घरी रुग्ण आहे तो दहा मिनिटांचे पैसे आनंदानं देतो. त्याला फेऱ्या मारायला लावू नका, एवढंच त्याचं मागणं असतं.

माझे एक सहकारी विचारतात, ‘जो माणूस आपला वेळ फुकट देतो, त्याच्याकडून वर गाडीचे पैसे घ्यायचे?’ या प्रश्नानं मी बरेच दिवस अस्वस्थ होते. शेवटी मी वही काढली. आमच्याकडे नियमित येणारे चौदा स्वयंसेवक आहेत. चौघं गाडीनं येतात. पाच जण बसनं, तिघं दुचाकीवर, दोघी चालत. पार्किंगची सवलत मिळाली तर ती पोचते चार गाडीवाल्यांपर्यंत, आणि चौदा जणांत पैशाची ओढाताण सर्वांत कमी त्या चौघांनाच आहे. दोन बस बदलून येणारी, परतताना स्टॉपवर ताटकळणारी आमची एक कार्यकर्ती आहे. एअर बेडची गळती तिच्याइतकी चांगली कुणालाच सापडत नाही. तिच्या तिकिटाचा विचार त्या निवेदनात कुठेच नव्हता. सही करताना मलाही तो सुचला नाही, ही माझी चूक.

कॅलिफोर्नियानं 1992 मध्ये यावर एक कायदा केला. भाड्यानं जागा घेऊन कर्मचाऱ्यांना फुकट पार्किंग देणाऱ्या ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी, जो कर्मचारी ती जागा घेणार नाही त्याला तेवढी रक्कम रोख द्यायची. शूप यांनी अशा आठ कंपन्यांचा अभ्यास केला, तेव्हा गाडीतून एकटं येणाऱ्यांचं प्रमाण 76 टक्क्यांवरून 63 टक्क्यांवर आलेलं दिसलं. कुणाची गाडी काढून घेतली नव्हती. पैसा हातात दिला, तेव्हा माणसांनी आपापला निर्णय घेतला.

आम्हालाही तेच हवं. पालिकेला संस्थांना मदत करायची असेल, आणि ती करावी असं माझं ठाम मत आहे, तर पार्किंगची माफी जेवढ्या रकमेची झाली असती तेवढं अनुदान प्रवासखर्च म्हणून द्यावं. आमच्या एक निवृत्त परिचारिका गुडघ्यांमुळे गाडीशिवाय येऊच शकत नाहीत. त्यांच्या पार्किंगचे पैसे आम्ही त्यातून भरू. बसवाल्यांचे पास काढू. एखाद्या महिन्यात सगळं टेम्पोच्या भाड्याला जाईल. कुणाला किती हे आमची कार्यकारिणी ठरवील आणि पावत्या मी जपून ठेवीन.

हिशेब ठेवणारी बाई म्हणून आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अनुदान अर्थसंकल्पात लिहावं लागतं, नगरसेवक त्यावर प्रश्न विचारू शकतात, लेखापरीक्षक ते तपासतात. माफ केलेलं पार्किंग कोणत्याच रकान्यात येत नाही. एका गाडीला साधारण पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. आमची साहित्याची खोली याहून लहान आहे. तिचं भाडं आम्ही दर महिन्याला मोजून देतो आणि ते ताळेबंदात लिहितो. तेवढीच सार्वजनिक जमीन दिवसभर कुणाला तरी दिली आणि त्याची नोंदच नाही, हे मला पटत नाही. मग ती आम्हाला दिलेली का असेना.

शिवाय सेवाभावी कुणाला म्हणायचं? धर्मादाय म्हणून नोंदलेल्यांत मोठमोठी रुग्णालयं आणि शिक्षणसंस्था असतात, त्यांची स्वतःची वाहनतळं असतात. आणि एखाद्या खोलीत आठवड्यातून दोनदा मुलांना शिकवणाऱ्या तिघीजणींची कुठेच नोंदणी नसते. पास वाटायला बसलं की ज्याच्याकडे कारकून आणि शिक्के आहेत त्याचा अर्ज आधी पोचणार.

अपंग व्यक्तींच्या राखीव जागांना मात्र कुणी हात लावू नये, उलट त्या वाढवाव्यात. ती सवलत माणसाच्या गरजेवर दिलेली असते, संस्थेच्या नावावर नव्हे. संध्याकाळचीही गोष्ट वेगळी आहे. ऑफिसं सुटल्यावर पालिकेच्या बहुमजली वाहनतळात मजलेच्या मजले मोकळे असतात. तिथं रात्री उशिरा केंद्र बंद करून निघणाऱ्या कार्यकर्त्यांना, विशेषतः एकट्या जाणाऱ्या बायकांना, मोफत जागा दिली तर कुणाचंच काही अडत नाही. अशी जागा जरूर द्यावी आणि वाटेवर चांगले दिवेही लावावेत.

दुकानदार म्हणतील, पैसे घेतले की लोक येणारच नाहीत. कॅलिफोर्नियातल्याच पासाडेना शहरात जुन्या बाजारपेठेतले व्यापारी हेच म्हणत होते. 1993 मध्ये तिथं मीटर बसले ते या बोलीवर, की जमा होणारा पैसा त्याच भागातल्या पदपथांवर, झाडांवर, दिव्यांवर खर्च होईल. तसा तो झाला आणि पडझड झालेली ती पेठ पुन्हा माणसांनी भरली. आमच्या रस्त्यावरच्या पार्किंगचा पैसा आमच्याच रस्त्यावर आला, तर आधी पदपथाची ती फुटकी पायरी दुरुस्त व्हावी. व्हीलचेअर तिथं रोज अडकते.

तेव्हा पालिकेकडे माझी मागणी आहे ती आमच्या दाराशी एका जागेची. ती आमच्या नावावर नको. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त कुणी थांबायचं नाही, सामान चढवा-उतरवायला कुणीही थांबावं, शेजारच्या दुकानाचा टेम्पोसुद्धा. आणि वेळ उलटून गेल्यावर तिथं उभ्या असलेल्या गाडीवर कारवाई व्हावी, ती कार्यकारिणीतल्या कुणाची असली तरी. निवेदनात हा बदल होणार असेल, तर मी पुन्हा सही करायला तयार आहे.

आपली,
एका रुग्णसाहित्य केंद्राची खजिनदार