एकत्र वर्गांबद्दल, आईकडून

प्रिय सोन्या,

अनेक आशीर्वाद. पुढच्या महिन्यापासून नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या मुलांबरोबर तुमचे, मेडिकलच्या मुलांचे, एकत्र वर्ग सुरू होणार, आणि परीक्षा जवळ असताना हे कशाला, असं तुमच्या बॅचमध्ये बऱ्याच जणांचं मत आहे, हे तू फोनवर सांगितलंस. मी ड्यूटीवर होते, नीट बोलता आलं नाही. पण इतकी वर्षं वॉर्डात काढल्यावर मला हे वर्ग तुझ्या सगळ्या पोस्टिंगइतकेच महत्त्वाचे वाटतात, म्हणून लिहायला बसले.

पक्षाघाताचा एक पेशंट घे. आजोबा, उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. कुठल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, सीटी स्कॅनवर काय दिसतं, कोणतं औषध किती तासांच्या आत द्यायचं, हे तू शिकतो आहेस आणि ते शिकायलाच हवं. पण तू ते वाचत असतोस तेव्हा त्यांची सून मायेने चमच्याने पाणी पाजायला निघालेली असते. गिळता येतं की नाही हे न तपासता दिलेलं पाणी श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनिया होतो, आणि झटक्यातून वाचलेला माणूस त्या न्यूमोनियाने जातो. गिळण्याबद्दल स्पीच थेरपिस्टला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. उठवताना लुळा हात धरून ओढला तर खांदा जागचा सरकतो आणि पुढे कित्येक महिने दुखत राहतो, हे फिजिओची मुलगी तुला सांगेल. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडावर जखम होते, आणि ती एकदा झाली की भरता भरत नाही. कूस आम्ही सिस्टर बदलतो.

आता त्याच आजोबांना राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, घातली. ट्रीटमेंट शीटवर रक्तदाबाची हळूहळू विरघळणारी गोळी लिहिलेली आहे. नळीतून द्यायची म्हणजे सिस्टर ती कुटणार. कुटली की दिवसभरात सावकाश मिळायचं औषध एकदम अंगात उतरतं. निफेडिपिनसारखी गोळी असेल तर रक्तदाब धाडकन खाली येऊ शकतो. फार्मासिस्टला हे एका नजरेत दिसलं असतं, पण तो तळमजल्यावर खिडकीतून औषधं देत बसलेला असतो. त्याला वॉर्डात बोलवायचं हे कुणाच्या डोक्यातही येत नाही, कारण शिकत असताना आपण त्याला कधी भेटलेलोच नसतो.

हे नुसतं माझंच म्हणणं नाही. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठात १९८६पासून वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी अशी सगळी मुलं अभ्यासाचा काही भाग एकत्र करतात. १९९६मध्ये त्यांनी खरा वॉर्डच विद्यार्थ्यांच्या हाती दिला. अर्थात शिक्षकांच्या देखरेखीखाली, पण पेशंट खरे आणि निर्णय एकत्र बसून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१०मध्ये अशा एकत्र शिक्षणाचा आराखडा काढला. त्यात एकमेकांबरोबर, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकण्याची अट आहे. एका सभागृहात सगळ्यांना बसवून तासभर भाषण ऐकवलं तर यातलं काहीच होत नाही. तुमच्याकडेही तसंच होणार असेल तर तुझ्या मित्रांचं म्हणणं मला पटेल. समोर पेशंट हवा, आणि त्याचं उद्या सकाळी काय करायचं हे तुम्हा सगळ्यांना मिळून ठरवायला लागलं पाहिजे.

मला सर्वांत जास्त काळजी गप्प बसण्याची वाटते. डोस चुकलाय अशी शंका आली तरी नवी सिस्टर बोलत नाही, कारण आधी कधीतरी विचारल्यावर "डॉक्टर तू की मी?" असं सगळ्यांसमोर ऐकावं लागलेलं असतं. मी हे अनेकदा पाहिलं आहे आणि दर वेळी मला राग आला आहे. त्या गप्पपणाची किंमत खाटेवरचा माणूस भरतो. ऑपरेशन थिएटरमधली सुरक्षा चेकलिस्ट तू पाहिली असशील. त्यात छेद देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं असतं. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात दिल्लीतलंही एक होतं, ती वापरून पाहिली तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असं २००९मध्ये प्रसिद्ध झालं. अर्थात त्या यादीत अँटिबायोटिक वेळेवर देणं, स्पंज मोजणं हेही आहे. पण एकदा नाव घेऊन बोललेला माणूस पुढे "थांबा" म्हणायला कमी कचरतो, हे मी थिएटरच्या ड्यूटीत पाहिलेलं आहे.

तोंडी ऑर्डर दिलीस तर ती समोरच्याकडून परत म्हणवून घे. फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी सारखंच ऐकू येतं. नर्सिंगच्या मुलांबरोबर याचा सराव आत्ताच कर. इंटर्नशिपमध्ये रात्री तीन वाजता नवीन सवय लागत नाही.

आपल्याकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये काम सुरू केलं. गावातल्या बायकांना, ज्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचताही येत नव्हतं, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. घरात कुणी नीट जेवत नाही, कुठली सून माहेरी गेली, कुणाचं बाळ सुकत चाललंय, हे डॉक्टरच्या आधी त्यांना कळायचं, आणि डॉक्टर त्यांचं ऐकायचे. देशोदेशीची माणसं हे काम शिकायला तिथे येतात. सुट्टीत आलास की आपण एकदा जामखेडला जाऊन येऊ. बाबांनाही यायचं आहे.

तोवर एवढं कर. पहिल्याच दिवशी नर्सिंगच्या मुलांची नावं विचार आणि लुळ्या पेशंटची कूस कशी बदलतात ते त्यांच्याकडून शिकून घे, स्वतःच्या हाताने. त्यांना ईसीजी वाचायला तू शिकव. आणि वर्गात फार्मसीची मुलं आहेत का, हे सरांना विचार. नसतील तर त्यांनाही बोलवा म्हणून तुम्हीच अर्ज द्या. सर काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
आई