नॉर्थफिल्डहून मिरजेला

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, रविवारी तुझा फोन उचलला नाही म्हणून तू काळजीत पडलीस. मी कॉलेजच्या क्रीडासंकुलात गाणं ऐकत बसले होते. बास्केटबॉलच्या मैदानावर गाणं कसलं, असं तू नंतर विचारलंस. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्र लिहिते आहे. बाबांना वाचून दाखव. खरं तर बाबांनीच वाचावं, कारण शेवटी मला त्यांच्याशी बोलायचं आहे.

आमचं नॉर्थफिल्ड वीस हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. मिनियापोलिसपासून गाडीने तासाभराच्या आत येतं. मधून कॅनन नदी जाते आणि एवढ्याशा गावात दोन कॉलेजं आहेत. त्यातलं टेकडीवरचं सेंट ओलाफ हे माझं. नॉर्वेहून आलेल्या लोकांनी १८७४ साली ते काढलं. शेती करायला आलेली, चर्चला धरून राहणारी माणसं होती ती. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करायला म्हणून मी इथे आले, पण या कॉलेजचं नाव देशभर झालं ते गाण्यामुळे, हे कळायला मला वेळ लागला नाही. दुपार कलली की माझ्या प्रयोगशाळेतली मुलं घड्याळाकडे बघायला लागतात. काचेची भांडी भराभर धुतात, पाठीवर पिशव्या टाकतात आणि तालमीला पळतात. ही रसायनशास्त्राची, गणिताची, नर्सिंगची मुलं. इथल्या गायनवृंदांत आणि वाद्यवृंदांत संगीत हा मुख्य विषय न घेतलेली मुलं ढिगाने आहेत. त्यांना पुढे गायक व्हायचं नसतं. तरी आवाजाची चाचणी देऊन ती निवडली जातात, आणि निवड झाली की तालीम चुकवत नाहीत.

बाबा, आता तुमच्यासाठी एक गंमत. इथल्या गाण्याचा पाया घालणारे फ्रेडरिक मेलियस ख्रिश्चनसन १८७१ साली नॉर्वेत जन्मले. आपले गायक विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडला जन्मले ते १८७२ साली. ख्रिश्चनसन १८८८ मध्ये, पोरवयातच अमेरिकेला आले. पलुस्कर त्याच सुमारास आपल्या मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकत होते. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि ख्रिश्चनसन १९०३ मध्ये या टेकडीवर शिकवायला आले. दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नसणार. पण गाणं दरबारातून, मोठ्या शहरांतल्या मोठ्या लोकांच्या दिवाणखान्यातून बाहेर काढून साध्या घरच्या पोरांना शिस्तीने शिकवायचं, हे दोघांनाही एकाच काळात सुचलं. मला हे लक्षात आलं तेव्हा तुम्हाला लगेच फोन करावासा वाटला होता, पण तिकडे रात्रीचे दोन वाजले होते.

१९१२ मध्ये ख्रिश्चनसन यांनी सेंट ओलाफ क्वायर, म्हणजे इथला मुख्य गायनवृंद, उभा केला आणि त्याच साली नाताळचा उत्सवही सुरू झाला. पुढच्याच वर्षी ते मुलांना घेऊन नॉर्वेला गेले. १९२० मध्ये अमेरिकेच्या पूर्वेकडच्या शहरांत दौरा केला आणि तिथल्या जाणकारांनी या खेड्यातल्या पोरांचं गाणं ऐकून तोंडात बोटं घातली. साथीला वाद्य नाही, हातात कागद नाही, सगळं तोंडपाठ. आजही क्वायर तोंडपाठच गातो, आणि गाताना मुलं एकमेकांचे हात धरून उभी राहतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो दिखावा वाटेल की काय अशी भीती होती. तसं काही नाही. शेजाऱ्याच्या हाताच्या हालचालीवरून लय कळते, कुठे जोर द्यायचा ते कळतं, आणि पहिल्यांदा उभं राहिलेल्या मुलाचा थरथरणारा हात दुसऱ्याला सांभाळता येतो.

तुम्ही घराण्यांवर तासन्‌तास बोलता, म्हणून हेही सांगते. १९१२ पासून २०२५ पर्यंत, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांत, या क्वायरला फक्त चार मुख्य संचालक झाले. आधी ख्रिश्चनसन, मग त्यांचा मुलगा ओलाफ, मग १९६८ पासून केनेथ जेनिंग्ज आणि १९९० पासून अँटन आर्मस्ट्राँग. जेनिंग्ज विद्यार्थी असताना ओलाफच्या हाताखाली गायले. आर्मस्ट्राँग विद्यार्थी असताना जेनिंग्जच्या हाताखाली गायले. याला घराणं नाही तर काय म्हणायचं? आणि या घराण्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की नॉर्वेजियन लोकांच्या या क्वायरची धुरा पस्तीस वर्षं एका कृष्णवर्णीय अमेरिकन माणसाने वाहिली. आर्मस्ट्राँग यांनी जुनं काही टाकलं नाही. पण गुलामगिरीत होरपळलेल्यांची भक्तिगीतं आणि जगभरच्या देशांतली गाणी त्यांनी त्याच निष्ठेने मुलांकडून बसवून घेतली. घराणं असंच जगतं असं मला वाटतं. नुसती नक्कल करणाऱ्यांच्या हाती ते सुकून जातं, हे तुम्हीच किती वेळा म्हणाला आहात.

आता त्या उत्सवाबद्दल. डिसेंबरच्या सुरुवातीला चार दिवस असतो. कुठल्या सभागृहात एवढी माणसं मावत नाहीत, म्हणून क्रीडासंकुलातल्या मैदानावर मंच उभारतात. पाच गायनवृंद आणि एक वाद्यवृंद, मिळून पाचशेहून जास्त मुलं-मुली. पहिल्या वर्षाच्या मुलामुलींचे वेगळे वृंद असतात, म्हणजे आल्या आल्या त्यांना या उत्सवात उभं राहायला मिळतं. प्रत्येक वृंदाचा झगा वेगळ्या रंगाचा, आणि सेंट ओलाफ क्वायरचा गडद जांभळा, मखमली. तिकिटांसाठी लोक धडपडतात. आजोबा, मुलगी, नात अशा तिघांनीही इथेच गायलेलं असतं आणि ती सगळी नक्षीदार नॉर्वेजियन स्वेटर घालून येतात. आधी जेवण. वाळवलेला कॉड मासा क्षाराच्या पाण्यात फुगवून शिजवतात, तो लुटेफिस्क, आणि बटाट्याची पातळ पोळी, ती लेफ्से. लेफ्से तुला आवडेल आई, साखर-लोणी लावून गुंडाळून खातात. मासा मात्र मला अजून जमलेला नाही.

मग गाणं सुरू होतं आणि मधे टाळ्या नाहीत. एक वृंद थांबतो तोवर दुसरा सुरू करतो, वाद्यवृंद त्यांना जोडत नेतो, काही गाण्यांना सगळे श्रोते उभे राहून गातात. शेवटी ख्रिश्चनसन यांनी बांधलेलं ‘ब्यूटिफुल सेव्हियर’. चाल जुनी, मध्य युरोपातल्या सायलेशियाकडची. सुरुवातीला शब्दच नाहीत, ओठ मिटून नुसता गुंजारव. पाचशे मुलांचा तो गुंजारव अंगावर येत नाही, खालून उचलून धरतो. मी ख्रिस्ती नाही, त्या प्रभूला मी हाक मारत नाही, पण त्या वेळी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या डोळ्यांतून जे वाहत होतं ते मला अनोळखी नव्हतं. वारी सांगलीकडून निघायची तेव्हा आजीच्या डोळ्यांत तेच असायचं.

सुरुवातीला मला हे गाणं ऐकताच येत नव्हतं, हे खरं. आपला कान षड्ज शोधतो. तंबोरा नाही, तर उभं कुठे राहायचं? एकाच वेळी चार ओळी वेगवेगळ्या चालतात, त्यातली मुख्य कोणती? प्रयोगशाळेतल्या एका मुलीने मला समजावलं. ती अल्टोत गाते, म्हणजे बायकांमधला खालचा आवाज. ती म्हणाली, वरची चाल ऐकू नका, मधल्या एका आवाजाचं बोट धरा आणि तो कुठे जातो ते बघा. तसं ऐकायला लागले आणि सगळं उलगडलं. आई, तुला तर हे आधीच माहीत आहे. पंधरा ऑगस्टचं समूहगीत बसवताना तू चाळीस पोरांना एकाच आकाराचा ‘आ’ करायला लावायचीस, आणि जो मोठ्याने ओरडेल त्याला मागच्या रांगेत पाठवायचीस. इथे तेच चालतं. स्वर जुळण्याआधी तोंडाचा आकार जुळावा लागतो. ख्रिश्चनसन तर आवाजातला कंपसुद्धा काढून टाकायला लावायचे, कोणाचाही एकट्याचा आवाज वेगळा ऐकू येऊ नये म्हणून.

बाकी वर्षभरही काही ना काही चालू असतं. इथल्या बँडने १९०६ मध्येच नॉर्वेचा दौरा केला होता. ऑर्केस्ट्रा, जॅझ, हिवाळी दौरे, वसंतातल्या मैफली असतात. शेवटच्या वर्षाची संगीताची मुलं एकेकट्याने आपापला कार्यक्रम करतात, त्याला मित्र आणि मास्तर येतात. बहुतेकांना तिकीट नसतं. थंडीच्या संध्याकाळी घरी जाण्याआधी अर्धा तास कुठल्याशा पोराचा चेलो ऐकून जाते, आणि मग अंधार तेवढा जाचत नाही. माझ्या एकटेपणाची तुम्ही दोघं काळजी करता, ती यापुढे थोडी कमी करा.

बाबा, आता तुमच्याशी.

आईने सांगितलं की दिवाळीनंतर तुम्ही भजनाला गेलाच नाहीत. आवाज फाटतो, ओळ पुरी होईपर्यंत दम लागतो, तरुण पोरांसमोर बरं दिसत नाही, असं तुम्ही म्हणालात म्हणे. हे ऐकल्यापासून मला चैन नाही.

त्या अल्टोतल्या मुलीला मी एकदा विचारलं होतं, की इतकी लांब ओळ तुम्ही एका दमात कशी गाता? ती हसून म्हणाली, कोणीच गात नाही. ओळ लांब असली की सगळ्यांनी एकाच जागी श्वास घ्यायचा नसतो. शेजाऱ्याने घेतला की आपण धरून ठेवायचं. मग शब्दाच्या मधेच, तोंडाचा आकार न बदलता, आपण घ्यायचा आणि जोर न लावता हळूच परत आत यायचं. हे त्यांना पहिल्या महिन्यातच शिकवतात. विशी-बाविशीतली, धडधाकट छातीची मुलं आहेत ही, आणि त्यांचंही एकाच्या दमात भागत नाही. श्रोत्याला मात्र ओळ कुठेच तुटलेली ऐकू येत नाही.

बाबा, आपल्या विठ्ठल मंदिरातल्या मंडळात हे मी लहानपणापासून ऐकलं आहे, फक्त मला तेव्हा कळत नव्हतं. बुवा अभंगाची ओळ टाकायचे आणि मागचे धरायचे. त्यात कोणी खोकत असायचं, कोणाचे टाळ पुढेमागे व्हायचे, कोणाचा आवाज त्या दिवशी बसलेला असायचा. ‘जय जय रामकृष्णहरी’ कधी थांबलं का? तुम्ही ज्यांच्या मागे बसून शिकलात ते बुवा ऐंशीच्या घरात होते. शेवटच्या वर्षांत त्यांचा आवाज जवळजवळ उरला नव्हता. तुम्हीच घरी येऊन सांगायचात की आज बुवांनी नुसता हात वर केला आणि आम्ही सगळ्यांनी ओळ उचलली. तेव्हा त्यांनी यायचं बंद करावं असं तुमच्या मनात एकदा तरी आलं होतं का? मग तुमच्याबद्दल त्या पोरांच्या मनात तसं येईल असं का धरून चालता?

दर्ग्याच्या उरुसातल्या संगीतसभेत मोठमोठ्यांचं गाणं ऐकून, सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लागताना तासन्‌तास बसून तुमचा कान इतका तयार झाला आहे की स्वतःच्या आवाजात कसर निघाली की तुम्हाला आधी कळते. एकट्याने मैफल करणाऱ्याने ती कसर मोजावी, ते बरोबर आहे. भजनात बसणाऱ्याने मोजू नये. तिथे तुमचा कान हवा आहे. कुठे लय पळते, कुठला स्वर उतरतो, हे त्या तरुण पोरांना सांगणारं आता कोण उरलं आहे? तुमच्या आधीची पिढी गेली. तुम्ही घरी बसलात तर चाली त्यांच्यापर्यंत पोचायच्या कशा? जुन्या भैरवीच्या चाली तर कुठे लिहिलेल्याही नाहीत, तुमच्या तोंडात आहेत.

म्हणून माझं ऐका. वरच्या पट्टीत जाऊ नका, पेटीवाल्याला दोन स्वर खाली लावायला सांगा. पोरं कुरकुरणार नाहीत. लागलाच दम तर थांबा, शेजारचा गातोच आहे. टाळ जड होत असतील तर चिपळ्या घ्या. मी शिंदेकाकांशी बोलले आहे. ते म्हणाले, आम्ही वाटच बघतोय, पण नानांना आग्रह कसा करायचा म्हणून गप्प राहिलो. येत्या एकादशीला ते रिक्षा घेऊन साडेसहाला दारात येतील. आई, तूही बरोबर जा, गुडघा दुखत असेल तर भिंतीशी खुर्ची ठेवायला त्यांना सांगितलं आहे.

नाताळच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मिळालं की ओंकारच्या मोबाइलवर पाठवते. बाबा, ते रेडिओच्या मोठ्या स्पीकरला जोडून ऐका, मोबाइलवर खालचे आवाज ऐकू येत नाहीत. आणि मधल्या एका आवाजाचं बोट धरा.

रक्तदाबाची गोळी रात्रीऐवजी सकाळी घ्यायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते पाळता ना? आईच्या डोळ्यांची तारीख ठरली की लगेच कळवा, त्याप्रमाणे मी रजा मागते. अमेयचा दोघांना नमस्कार.

तुमची,
मनीषा