कंबर मोजा, मंत्रिमहोदय

माननीय आरोग्यमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवली आहे. इथे मराठीत लिहिते आहे ते इंदूरच्या आमच्या घरांतही ते वाचले जावे म्हणून.

लठ्ठपणाबद्दल सरकार मोकळेपणी बोलू लागले, हे फार चांगले झाले. फेब्रुवारी २०२५च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी खाण्यातले तेल दहा टक्के कमी करायला सांगितले, तेव्हा आमच्या ओळखीच्या घरांतही त्यावर बोलणे झाले. मात्र आमच्या भागात आरोग्य शिबिर लागले की मधोमध वजनकाटाच असतो. काट्यावर उभे राहायचे, आकडा ऐकायचा. जाड बाईला चारचौघांत ‘वजन कमी करा’ ऐकावे लागते आणि बारीक माणसाला ‘तुमचे ठीक आहे’ म्हणून पुढे पाठवतात. मला काळजी आहे ती या ‘ठीक आहे’ची.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेण्यात माझी नोकरी गेली. ‘मी तर जाडी नाही, मग मला शुगर कशी निघाली?’ हे मी इतक्या जणींकडून ऐकले आहे की त्याचे उत्तर देणे हे माझे कर्तव्यच आहे, असे मला वाटते.

ते उत्तर पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केव्हाच देऊन ठेवले आहे. २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. उंचीच्या हिशेबाने काढलेला वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडची हाडापेराने बारीक दिसणारी माणसे आतून अशी असतात: स्नायू कमी, चरबी जास्त, आणि ती पोटात, यकृताभोवती साठलेली. हीच चरबी रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनच्या कामात आडवी येते. काट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीत बीएमआयनुसार लठ्ठ २८.६ टक्के निघाले आणि पोट सुटलेले ३९.५ टक्के. म्हणजे शंभरातले किमान दहा जण असे, ज्यांना बीएमआयच्या हिशेबात कोणी लठ्ठ म्हणणार नाही, पण पोटाने ते धोक्यात आहेत.

वजनाला काही अर्थच नाही, असे माझे म्हणणे नाही. गुडघे, रक्तदाब, झोपेत अडकणारा श्वास या सगळ्यांवर जास्त वजनाचा भार पडतोच. पण चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६मध्ये मांडलेला अभ्यास पाहा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना रोजचे चालणे आणि खाण्यातला बदल एवढेच दिले, तर तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. त्यांची वजने फारशी उतरलेली नव्हती. काटा हलला नाही म्हणून महिन्याभरात चालणे सोडणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हे कोणी सांगितलेच नाही, आणि याचे मला फार वाईट वाटते.

मंत्रिमहोदय, नवी योजना मागण्यासाठी हे पत्र नाही. तिशीच्या वरच्यांसाठी आशा कार्यकर्ती जो सीबॅक फॉर्म, म्हणजे मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांचा धोका गुणांनी मोजणारा कागद, भरतात, त्यात कमरेचे माप आहेच. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९०च्या वर गेली की गुण वाढतात. आठवड्याला १५० मिनिटे हालचाल होते का, आईवडिलांना शुगर-बीपी होते का, हेही विचारतात. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी. इतका नेमका कागद तयार असताना लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर अशा कॉलन्यांतल्या आमच्या घरांत तो क्वचितच दिसतो. आशा कार्यकर्तींचे काम वस्त्यांमध्ये जास्त, आणि ते तसेच असायला हवे. पण म्हणून मध्यमवर्गीय घरे सुटून जातात. तिथे पुरुष सकाळी पोह्यांवर शेव, दुपारी वरणावर शेव घेऊन दिवसभर खुर्चीत, आणि बायका ‘घरकाम हाच व्यायाम’ या समजुतीत. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात घालवलेल्या एका रात्रीला मी दोष देणार नाही. रोज उघडणारा शेवेचा डबा आणि रोजचे बसणे यांची मला जास्त भीती वाटते.

बायकांचे जरा वेगळे सांगायला हवे. दिवसभर उभे राहून पाय दुखतात, पण दम लागेल असे चालणे होत नाही. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालले तरी पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात. पण आमच्याकडे जेवणे उरकेपर्यंत दहा वाजतात. गल्लीत दिवा नसतो, फुटपाथवर गाड्या लावलेल्या, कुत्र्यांची भीती. दिव्यांचे आणि फुटपाथचे काम नगर निगमचे आहे हे मला माहीत आहे. आपण महापौरांशी बोलावे.

ज्या शहराने घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा करायची सवय लावून २०१७मध्ये देशात पहिला नंबर काढला, त्या शहराला हे जमणार नाही असे मला वाटत नाही. येत्या गणेशोत्सवात प्रत्येक मंडळात एक इंची टेप आणि सीबॅक फॉर्म ठेवू द्या. माप पँटच्या पट्ट्यावर घ्यायचे नाही, तो पोटाच्या खाली असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर टेप धरायची. बायकांचे माप बाईनेच, आडोशाला घ्यावे आणि आकडा मोठ्याने वाचू नये.

माप घ्यायला आमच्या कॉलनीतल्या बायका तयार आहेत. त्यांना एक दुपार शिकवायला आपल्या खात्यातून कोणाला तरी पाठवा, आणि बेरीज चारच्या वर गेलेल्यांची रक्त-तपासणी जवळच्या सरकारी दवाखान्यात त्याच आठवड्यात होईल, असा आदेश काढा.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
लोकमान्य नगर, इंदूर